साळूची भाजी, ठकूची भाकरी

ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या साळुबाईला आधी वाटलं, बोहारीण आली. पोरीच्या खांद्याला भलीमोठी पिशवी होती आणि चालताना तिच्यातून स्टीलच्या वाट्यांचा खणखणाट येत होता. "जुनी लुगडी न्हाईत बाय, म्होरल्या घरी इचार," असं साळुबाईनं लांबूनच सांगून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला हा तिचा जन्माचा स्वभाव. साठी उलटली तरी त्यात फरक पडला नव्हता.

पोरगी हसली आणि ओट्याच्या कडेला टेकली. समरीन आतार तिचं नाव, राहणार जुन्नरची. पुण्याच्या एका इस्पितळातले डॉक्टर पित्ताशयाच्या कॅन्सरवर संशोधन करत होते आणि त्यासाठी जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत हिंडून बायकांचं खाणंपिणं लिहून आणायचं काम तिच्याकडे होतं. वाट्या मापाच्या होत्या. भाजी किती खाता असं विचारलं की लोक म्हणतात, खातो की पोटभर. म्हणून ती तीन आकाराच्या वाट्या पुढं मांडायची आणि विचारायची, यातली कुठली?

"पर मला काय झालंय?" साळुबाई फणकारली. "म्या चांगली धडधाकट हाय."

"म्हणूनच तर आले, मावशी. एक आजारी बाई घ्यायची आणि तिच्या जोडीला त्याच गावातली, त्याच वयाची एक निरोगी बाई घ्यायची. दोघींचं खाणं शेजारी ठेवून बघायचं. एकीला का झालं आणि दुसरीला का नाही, हे अशा शेकडो जोड्यांवरून शोधायचं. निरोगी बाईला आम्ही जोडीदार म्हणतो."

आजारी बाईचं नाव सांगायचं नाही, असा समरीनला नियम होता. पण साळुबाईच्या शिनोली गावात असले नियम चालत नाहीत. चैत्रात ठकूबाईला कावीळ झाली, झाडपाला करून उतरली नाही, पुण्याला नेलं तेव्हा पित्ताशयात गाठ निघाली आणि ती काढण्यापलीकडं गेलीय म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"म्हंजी ठकीची जोडीदार मी," साळुबाई म्हणाली. "त्याला तुजा कागुद कशाला पायजे? चाळीस वर्सं हायेच की."

तरी तिनं सगळं नीट सांगितलं. बाजरीची भाकरी रोज, तांदळाची पावसाळ्यात. मटण जत्रेला. मासवडी पाव्हणं आलं की. पालेभाजी रानातली. घरातून तिचा नवरा कुंडलिक मधूनमधून भर घालत होता. त्याचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"तळणाचं उरलेलं तेल घरात पुन्हा वापरत होता का?" समरीननं विचारलं.

"वापरत व्हता का म्हंजी?" कुंडलिक आतूनच ओरडला. "भीमाशंकर रोडला वीस वर्सं भज्यांचा गाडा व्हता आपला! श्रावणी सोमवारी उभं राह्यला जागा नसायची. दिसभराचं तेल सांच्याला डब्यात घालून घरी आणायचो. वतून देणार व्हय? त्या तेलात जी भाजी व्हायची ना, आख्ख्या आळीत वास जायचा!"

समरीननं काळेपणा विचारला, वास विचारला, वर्षं विचारली आणि लिहून घेतलं. तास-दीड तास लागला. वाट्या पिशवीत भरून ती उठली, तेव्हा साळुबाई तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेली.

"पोरी, ते जळक्या तेलाचं कशापायी इचारलंस?"

"पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल प्रकृतीला चांगलं नाही, एवढं डॉक्टर सांगतातच. या आजाराशी त्याचा किती संबंध आहे, ते पक्कं ठाऊक नाही. म्हणून विचारतो."

"ठकीला बी इचारलं?"

"प्रश्न सगळ्यांना तेच असतात, मावशी," समरीन म्हणाली आणि तिची स्कूटर घोडेगावच्या दिशेनं गेली.

साळुबाई परत ओट्यावर बसली. लसणाच्या चार पाकळ्या सोलल्या आणि पाचवी हातातच राहिली. तिच्या मनात पाल चुकचुकली.

साळू आणि ठकू एकाच वर्षी लग्न होऊन शिनोलीत आल्या. रानं बांधाला बांध लागून. दोघींच्या घरांत सावड होती, म्हणजे आज सगळ्यांनी हिच्या रानात खपायचं, उद्या तिच्या. भातलावणी असो की बटाट्याची काढणी, दुपारी दोघी आंब्याखाली भाकरी सोडायच्या. ठकूची सासू भारी खट. सुनेच्या फडक्यात दीड भाकरी, एक कांदा आणि बोटभर खर्डा बांधून द्यायची, तेही मोजून. साळूच्या फडक्यात तीन भाकरी आणि वांग्याची किंवा बटाट्याची भाजी, वर बोटभर तेलाची तर्री. तेल महाग होतं तेव्हा. लोक पळीच्या टोकानं फोडणी द्यायचे. गाड्याच्या कृपेनं साळूच्या घरी मात्र तेलाला तोटा नव्हता.

ठकू कांदा फोडायची आणि भाजीकडं बघायची नाही. मुद्दाम दुसरीकडं बघायची. ते साळूच्या लक्षात आलं. सरळ "घे" म्हटलं असतं तर ठकूनं कधीच घेतलं नसतं, मोठी मानी बाई. म्हणून साळूनं एक दिवस तोंड वाकडं केलं. "ह्ये तेलकट मला सोसत न्हाई बाई, आंबट ढेकरा येत्यात. तू खा, मला तुजी कोरडी भाकरी दे." साफ खोटं. साळूला दगड खाल्ले तरी पचले असते.

त्या दिवशी फडकी बदलली ती बदललीच. पुढं ठकूची सासू मेली, ठकूच्या हाती घर आलं, तरी दुपारचा शिरस्ता मोडला नाही. वीस वर्षं साळूची भाजी ठकूनं खाल्ली आणि ठकूची भाकरी साळूनं. गावात कुणाला हे ठाऊक नव्हतं, कुंडलिकलाही नाही. साळुबाई देवाधर्माची फारशी नव्हती. पण कीर्तनात पापपुण्याचा विषय निघाला की तिला आपली ती फडकी आठवायची आणि ती जरा ताठ बसायची. आपल्या हातून एक तरी चांगलं घडलं, हा तिचा जन्मभराचा ठेवा होता.

आणि आता ती पोरगी जळक्या तेलाचं विचारून गेली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथं तर गणपती करायला बसलेल्या बाईनं आपल्या हातानं मैतरणीला वीस वर्षं विष चारलं होतं. निदान साळुबाईला तसंच वाटलं आणि एकदा वाटल्यावर दुसरं काही वाटेना. तीन दिवस ती तेलाच्या डब्याला शिवली नाही.

ती ठकूकडं गेलीही. ठकूबाई पडवीत खाटेवर पडलेली, अंग हळदीसारखं पिवळं, खाजवून खाजवून हातांवर ओरखडे. उज्ज्वला, तिची सून, पेज भरवत होती. साळुबाईनं तोंड उघडलं आणि बटाट्याच्या भावाबद्दल बोलून परत आली. जिची जीभ आयुष्यात कधी अडखळली नाही, तिची नेमकी तिथं अडखळली.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं नवं लुगडं नेसलं. "ओझरला जाऊन येते, इघ्नहराला," असं कुंडलिकला सांगितलं, घोडेगावला एसटी बदलली आणि ओझरला न जाता जुन्नरला उतरली. समरीननं दिलेला पत्त्याचा कागद चोळीत होता. बाजारपेठेतल्या गल्लीत एका कापडाच्या दुकानावर ऑफिस होतं, खोली एक आणि कपाटं चार. समरीन फॉर्म लावत बसली होती.

साळुबाईनं पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

समरीननं हातातला फॉर्म खाली ठेवला. तिला आधी स्वतःचाच राग आला. सव्वाशे बायकांना तिनं विचारलं होतं, तुमच्या घरी काय शिजतं. तुमच्या तोंडात काय जातं, असं सरळ विचारलं नव्हतं. बाईचं जेवण म्हणजे घरचं जेवण, हे तिनं धरूनच चाललं होतं. स्वतःच्या आईला, जहाँआराला, ती रोज शेवटी काय उरलंय ते खाताना बघत होती, तरीही. या एका जोडीत तर सगळं उलटं उतरलं होतं. जळकं तेल निरोगी बाईच्या नावावर आणि कोरडी भाकरी आजारी बाईच्या नावावर.

"रात्री तर तुम्हीपण तीच भाजी खात असाल ना?"

"रातीला उरायची कुठं? गडीमाणसं, पोरं खाऊन उठली की टोप निपटून ठेवलेला. म्या ताकभाकरी खायची." साळुबाईनं पदर तोंडाला लावला. "पोरी, मला एकच सांग. म्या मारली का गं तिला?"

समरीनला "नाही" म्हणावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण ती बाई तीस किलोमीटरवरून खरं सांगायला आली होती, तिला खोटं कसं सांगायचं?

"मला माहीत नाही, मावशी. कुणालाच माहीत नाही. ठकूबाईंच्या पित्ताशयात आठ वर्षं खडे होते हे तर साऱ्या गावाला ठाऊक आहे, तेही कारण असेल. आणि ती भाजी तर कुंडलिककाकांनीही खाल्ली, तुमच्या पोरांनीही खाल्ली. एका जोडीवरून काही ठरत नसतं."

"म्हंजी न्हाई बी न्हाई आन् व्हय बी न्हाई."

"हो. तसंच."

मग समरीननं पुण्याला तिच्या वरिष्ठ डॉक्टरांना, तेजस्विनी मॅडमना फोन लावला. बोलून झाल्यावर तिनं साळुबाईला समजावलं, की तुमचा फॉर्म तुम्ही सांगाल तसा दुरुस्त करू, पण ठकूबाईंच्या फॉर्ममधला बदल त्यांच्या स्वतःच्या तोंडून यायला हवा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून एक अक्षरही बदलता येत नाही. बुधवारी येऊन त्यांना विचारावं लागेल. आणि हे नको असेल तर तुमचा फॉर्म काढून टाकायचा हक्क तुम्हाला आहे. ती जोडी मोजायची नाही, विषय मिटला.

"काढला तर ठकीला काईच कळायचं न्हाई?"

"काहीच नाही."

साळुबाई बाकावर बसली. खाली गल्लीत कुणीतरी हातगाडी लोटत होतं, शाळेची घंटा झाली. सुटायची वाट समोर उघडी होती आणि तिचे पाय तिकडं वळत होते, हे खोटं का बोला? पण ठकू आज आहे, उद्या नाही. न सांगता ती गेली, तर हे ओझं मग उतरवायचं कुणापुढं? कुंडलिकपुढं? तो म्हणणार, आपल्या भाजीला नावं ठेवू नको.

"बुधवारी ये," ती उठत म्हणाली. "पर म्या बी तिथं बसणार."

परतताना वाट वाकडी करून ती खरोखरच ओझरला गेली. देवाच्या नावावर खोटं बोलून आलो होतो, ते तरी खरं करावं म्हणून. गाभाऱ्यापुढं तिला काय मागावं ते सुचेना. नुसतीच हात जोडून आली.

बुधवारी पडवीत चौघी होत्या. ठकूबाई उशीला टेकून बसली होती, उज्ज्वला पायाशी. समरीननं फॉर्म काढला, वाट्या मांडल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "आजी, रानात दुपारी तुम्ही जेवायचात, ते जेवण कुणाच्या घरचं असायचं?"

"माज्या घरचं," ठकूबाई पटकन म्हणाली. "दुसऱ्या कुनाचं असणार?"

साळुबाईला आधी कळलंच नाही. मग ती उसळली. "ठके! खोटं का बोलतीस? माजी भाजी खायचीस न्हवं तू? फडकी बदलायचो न्हवं आपुन?"

"तू गप बस, साळे."

"का गप बसू? सांग तिला! ते काळं तेल तू खाल्लंस, वीस वर्सं, म्या चारलं तुला, माज्या ह्या हातानं..." ती रडायला लागली, मोठ्यानं, लाज न बाळगता, माहेरची वाईट बातमी आल्यावर बाया रडतात तशी.

ठकूबाई मग समरीनकडं वळली. "पैल्या खेपंला तू तेलाचं इचारलंस ना, तवाच माज्या ध्यानात आलं. मनात म्हणलं, सांगितलं तर हिचं नाव लागंल. माजं लेकरू आदीच कुनावर राग काढू म्हनून फिरतंय. म्हनून बोलले न्हाई."

"आन् मला वाटलं, तुला काई ठावंच न्हाई," साळुबाई हुंदक्यांतून म्हणाली.

"मला काय ठाव न्हाई? तेलकट सोसत न्हाई म्हने! होळीला पोळी तुपात बुचकळून हाणायचीस, ती कोन व्हती?" ठकूबाईला हसू आलं आणि हसताना पोटात कळ आली. ती थांबली. उज्ज्वला पुढं सरकली, तिला तिनं हातानंच मागं सारलं. "पैल्या दिवशीच कळलं व्हतं मला, साळे. पर भूक लागलेली, पोटात पोर. त्या भाजीवर म्या पोराला वाढवलं. आता म्हनतीस, त्या भाजीनं मला मारलं. असंल बी. ही पोरगी शोधंल. पर मग माज्या कोरड्या भाकरीनं तुला तारलं, हे बी कबूल कर की. एकच बाजू कशी धरतीस? जलमभर मनात मिरवलीस ना, म्या ठकीला पोसली म्हनून? आता बघ, कोन कुनाला पोसत व्हतं."

साळुबाईचं रडणं गपकन थांबलं. तिच्या तोंडावर असं काही आलं की समरीननं नजर फॉर्मवर वळवली. तिला सांगायचं होतं, की आजी, अजून यातलं काहीच सिद्ध झालेलं नाही, ना मारल्याचं, ना तारल्याचं. पण तिथं ते बोलायची तिला हिंमत झाली नाही.

"लिही," ठकूबाई म्हणाली. "खरं ते लिही. माजी नात हाय शिरेया, धावीला. तिच्या तोंडात काय जावं, ते तरी कळूं दे कुनाला."

समरीननं वाट्या पुढं केल्या. ठकूबाईनं ओरखडलेल्या हातानं सगळ्यात मोठी वाटी उचलली. "ही. शिगोशीग. आखडता हात न्हवताच तिचा."

मग समरीननं साळुबाईचा फॉर्म काढला. तिचाही हिशोब दुरुस्त करायचा होता. "मावशी, ठकूबाईंच्या फडक्यात भाकरी किती असायच्या?"

"दीड. सासू मोजून द्यायची."

"त्यातली तुम्ही किती खायचात?"

"दीड," साळुबाई सवयीनं म्हणाली.

"आणि त्या स्वतःला किती ठेवायच्या?" समरीननं रकाना भरायचा म्हणून विचारलं.

उत्तर द्यायचं म्हणून साळुबाई मनाशी मोजू लागली. आपण तीनातल्या किती दिल्या, ते तिला तोंडपाठ होतं. फडकं बदलण्याआधी त्यातली एक काढून ठेवायची, दोन द्यायची. ठकूनं दीडातल्या किती ठेवल्या, हे तिनं एवढ्या वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं.

"काई न्हाई," ती म्हणाली. "व्हती न्हवती ती सगळी मला द्यायची."

समरीननं ते लिहून घेतलं. ठकूबाई डोळे मिटून उशीला टेकली होती, दमली होती. साळुबाई उठली, उज्ज्वलाच्या हातातली पेजेची वाटी तिनं घेतली आणि खाटेवर मैतरणीच्या जवळ बसली. पेज गार झाली होती. तिनं उज्ज्वलाला ती चुलीवर परत ऊन करून आणायला लावली आणि मग फुंकर घालून एकेक चमचा भरवू लागली.